वायसर, छर्रे आणि तेलवाला



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो संप, बोनस आणि कायदा यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती बहुधा खरीही ठरते. आज मात्र आम्ही एका घडीच्या चाकूपासून सुरुवात करणार आहोत. आमचे शिक्षण शाळेत फारसे झाले नाही. जे काही झाले ते अकोल्याच्या जिनांत आणि वाचनालयांत झाले. तेव्हा विद्वानांच्या रीतीने विषय मांडला गेला नाही, तर तो दोष आमचा समजावा.

आमच्यासमोर टेबलावर दोन चाकू आहेत. पहिला अमरावती जिल्ह्यातील शेंदुरजनाघाटच्या एका कलम बांधणाऱ्याचा. वरूड-मोर्शीकडे संत्र्याचा डोळा जंबेरीच्या खुंटावर बसवतात, त्या कामाचा हा चाकू. पाते मुठीत मिटते. पात्याच्या मुळाशी भोक, त्या भोकातून आरपार रिव्हेट, आणि पात्याच्या दोन्ही अंगांना पितळेची एकेक पातळ चकती. तिलाच आपण वायसर म्हणतो. दुसरा चाकू आमच्या पुतण्याने पुण्याहून आणला. बाहेरून तो तसाच दिसतो. पण त्याच्या सांध्यात चकतीच्या जागी एक बारीक कडे आहे आणि त्या कड्याच्या घरांतून मोहरीएवढे पोलादी छर्रे बसवले आहेत. बोट टेकवावे की पाते झर्रकन उघडते. पुतण्याने विचारले, “काका, यातला चांगला कोणता?” आम्ही चटकन उत्तर दिले, “छऱ्यांचा.” रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र आठवले की, हाच प्रश्न तीसेक वर्षांपूर्वी एका जिनाच्या दाराशी आम्हाला विचारला गेला होता. तेव्हा आम्ही नेमके उलटे उत्तर दिले होते, आणि त्या उत्तराची किंमत दुसऱ्या एका माणसाने दिली होती. त्या माणसाची गोष्ट पुढे येईल. आधी हा प्रश्न मुळात काय आहे ते पाहू.

दोन वस्तू एकमेकींना टेकून हलू लागल्या की त्या अडतात, तापतात आणि झिजतात. याला पुस्तकात घर्षण म्हणतात. आपल्या घरातील बायकांना ते पुस्तकावाचून ठाऊक होते. आमची आई जात्यावर डाळ भरडायला बसली की खालच्या तळीच्या खुंट्याभोवती चिंधीची चकती ठेवी. त्यामुळे वरची तळी केसभर उचलली जाई, डाळीचे पीठ होत नसे, आणि ओढायलाही हलके जाई. ती चिंधी म्हणजे वायसरच होय. घरोघरच्या अडकित्त्याच्या सांध्यात वर्षानुवर्षे नुसता खिळाच होता. तो ढिला झाला की सुपारी कातरण्याऐवजी चेपली जाते, आणि आवळला की बोटे दुखतात. वायसर घालायचा तो एवढ्यासाठीच, की सांधा घट्टही राहावा आणि हलकाही राहावा.

घराबाहेर पडलो की बंडी येते. वऱ्हाडातील जुन्या बंडीच्या चाकाच्या तुंब्यात लोखंडी नळी ठोकलेली असे आणि ती लोखंडी कण्यावर घासत फिरे. मध्ये आधार काय तो एरंडीच्या तेलाचा. बंडीखाली ओंगणाचे नळकांडे टांगलेले असे. चाक कुरकुरू लागले की धुरकरी उतरून ओंगण घाली. नाही घातले तर? तर चाक थांबत नसे. ते फिरतच राही, फक्त तेवढे ओझे बैलाच्या खांद्यावर वाढे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे तूप-हळदीने शेकतो, ती खांदशेकणी आम्हाला नेहमी एका कबुलीसारखी वाटते. यंत्रातले घर्षण यंत्रात मुरत नाही. ते शेवटी कोणाच्या तरी अंगावर जाते, हे शेतकऱ्याला ठाऊक होते.

आता छऱ्यांकडे वळू. घासण्यापेक्षा लोळणे सोपे, ही कल्पना फार जुनी आहे. ओंडक्यांवरून दगड ढकलणाऱ्यांना ती ठाऊक होती. पण गाडीच्या कण्यात लोखंडी गोळ्या घालण्याचे पहिले पेटंट १७९४ साली वेल्समधील कार्मार्थनच्या फिलिप व्हॉन या लोखंडाच्या कारखानदाराने घेतले. ते काळाच्या फार पुढचे ठरले. पुढे १८६९ साली पॅरिसच्या ज्यूल सुरिरे या सायकल-कारागिराने सायकलीच्या चाकात छर्रे बसवण्याचे पेटंट घेतले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात पॅरिस ते रूआं ही शर्यत जेम्स मूर याने छऱ्यांच्या सायकलीवर जिंकली. तेव्हापासून सायकल आणि छर्रे यांची जोडी जमली ती आजवर सुटलेली नाही.

अडचण एकच होती. छर्रे हाताने करावे लागत आणि ते एकसारखे होत नसत. एका कड्यातील दहा छऱ्यांपैकी एक जरी केसभर मोठा निघाला, तरी सगळा भार त्या एकावर पडतो आणि बाकीचे नऊ नुसते बरोबर फिरतात. तो एक फुटला की कडे गेले. कामगारांच्या सभेत आम्ही हा दृष्टांत पुष्कळदा दिला आहे. जर्मनीतील श्वाइनफुर्ट गावच्या फ्रीडरिख फिशर याने १८८३ साली पोलादी गोळ्या एका मापाच्या आणि खऱ्या गोल घासणारे यंत्र तयार केले, तेव्हा ही अडचण दूर झाली. आजच्या बेरिंगाच्या धंद्याचा पाया त्या यंत्रात आहे.

मौज अशी की, त्याच १८८३ साली इंग्लंडमध्ये दुसऱ्या पक्षाचीही बाजू सिद्ध झाली. बोशँप टॉवर नावाचा अभियंता रेल्वेच्या कण्याच्या साध्या बेरिंगावर, म्हणजे घासणाऱ्या बेरिंगावर, प्रयोग करीत होता. तेलासाठी त्याने वरून एक भोक पाडले. यंत्र चालू होताच त्या भोकातून तेल वर येऊ लागले. त्याने लाकडी बूच ठोकले, तर आतल्या तेलाने ते बाहेर फेकून दिले. याचा अर्थ असा की, कणा पुरेशा वेगाने फिरत असेल आणि तेल मिळत असेल, तर तेलाचा एक पातळ थर कण्याला उचलून धरतो. धातू धातूला लागतच नाही. ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स याने १८८६ साली त्याचे गणित मांडले. म्हणजे साधा बूश हा मागासलेला आणि छर्रा पुढारलेला, असा हा सरळ मामला नव्हे. बूश उत्तमच काम करतो. पण त्याला तेल लागते. आणि ते कोणीतरी घालावे लागते.

हे ‘कोणीतरी’ कोण, याचा शोध घेताना आपल्याला वऱ्हाडात यावे लागते.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्या काळ्या मातीकडे नजर वळवली. १८६७ साली रेल्वे भुसावळहून अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचली. १८८६ साली कारंज्याला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. स्टेशनाच्या आसपास जिन आणि प्रेस उभे राहिले. त्यांची धुराडी हीच पुष्कळ वर्षे आपल्या गावांची शिखरे होती.

जिनात रेचे असतात. रेचा म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणारे यंत्र. फोन्स मॅकार्थी या अमेरिकनाने १८४० साली पेटंट घेतलेला रूळाचा रेचा आपल्याकडे रुजला आणि त्याचाच दुहेरी रूळांचा अवतार आजही विदर्भात चालतो. त्याची रचना थोडक्यात सांगतो. चामड्याचा रूळ कापसाचे तंतू ओढतो. रूळाला टेकून एक अचल सुरी असते. आणि समोर दुसरी सुरी पुढे-मागे हलत सरकीला ठोसे देते. रूळ मिनिटाला शंभराच्या आसपास फेरे घेतो. हलती सुरी नऊशे-हजार वेळा झुलते. म्हणजे वऱ्हाडची संपत्ती ज्या यंत्रातून गेली त्याच्या पोटातही सुऱ्या आहेत, आणि त्या सुऱ्यांच्या सांध्यांचाही हाच प्रश्न आहे.

जुन्या जिनात या सगळ्या रेच्यांना एकच लांब लोखंडी दांडा फिरवी. त्याला लाइन शाफ्ट म्हणत. त्याच्या एका टोकाला आधी वाफेचे, मग तेलाचे आणि नंतर विजेचे इंजिन. आणि अंगभर प्रत्येक रेच्यासाठी एकेक पट्टा. बहुतेक ठिकाणी हा दांडा रेच्यांच्या ओट्याखालील बोळातून जाई. दांड्याला ठरावीक अंतरावर आधार, आणि त्या आधारांत गनमेटलचे किंवा पांढऱ्या धातूचे बूश. या सर्व बुशांना दिवसातून अनेकदा तेल पाजणारा जो माणूस, तो तेलवाला. हातात लांब चोचीची कुप्पी, कमरेला वेस्टचा बोळा. वरती रेजा कापूस चारत असत, खाली तेलवाला वाकून चालत असे. तो नुसते तेल घालीत नसे. बुशाच्या टोपीवर बोटे ठेवून तो ताप पाही, कान देऊन आवाज ऐके. कोणता बूश ‘बोलू’ लागला हे त्याला इंजिनवाल्याच्या आधी कळे.

यात आपल्या जमिनीचा मोठा भाग होता. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उभ्या इमारतीचे खांब कणाकणाने हलतात. खांब हलले की सरळ दांडा वाकडा होतो, आणि वाकड्या दांड्याखालचे बूश एका अंगाने जळतात. ही व्यथा आपली एकट्याची नव्हती. स्वीडनमधील गॉथेनबर्ग शहरी एका कापडगिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण यंत्रांची देखभाल करी. ती गिरणीही चिकणमातीवर होती. जमीन सरके आणि दांड्यांची बेरिंगे तुटत. त्याने दोन ओळी छऱ्यांचे असे बेरिंग तयार केले की, दांडा थोडा कलला तरी आतले कडे त्याच्याबरोबर कलते आणि काम चालूच राहते. १९०७ साली त्यावर एस. के. एफ. ही कंपनी निघाली, आणि पुढे ती जगभर पसरली. चिकणमातीवरच्या एका गिरणीने जगाला हे बेरिंग दिले. काळ्या मातीवरच्या आमच्या जिनांनी मात्र पुष्कळ वर्षे तेलवाल्यावर भागवले. कारण तेलवाला बेरिंगापेक्षा स्वस्त होता.

तो स्वस्त का होता, हेही इतिहासात लिहिलेले आहे. देशातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याने कारखान्याची व्याख्याच अशी केली की, शंभर माणसे कामावर असली पाहिजेत आणि वर्षात किमान चार महिने काम चालले पाहिजे. जिन हा हंगामी धंदा. दसरा-दिवाळीला भोंगा वाजतो आणि उन्हाळ्यात बंद होतो. शिवाय माणसेही थोडी. तेव्हा कायद्याच्या जाळ्यातून जिन सहज निसटत. त्यात वऱ्हाड कागदोपत्री निजामाचे असल्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे इकडे आपोआप लागू होत नसत. ते वेगळ्या हुकमाने लावावे लागत. १९११ च्या कायद्याने चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखाने व्याख्येत घेतले. १९२५ साली जिन-प्रेससाठी खास कायदा झाला. पण त्याचा मुख्य डोळा रुईतील भेसळ आणि गाठीवरील खूण यांवर होता.

तेलवाल्याला नाव मिळाले ते १९४८ च्या फॅक्टरी अॅक्टात. त्याच्या २२ व्या कलमाने असे घातले की, चालू यंत्राला तेल घालायचे झाल्यास ते खास शिकवलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच घालावे. त्याचे नाव नोंदवहीत असावे. त्याचे कपडे अंगाबरोबर घट्ट असावेत आणि ते मालकाने पुरवावेत. दांड्याच्या बोळाला भिंत किंवा जाळी असावी, दार कुलपात असावे, असेही नियम झाले. कायदा उत्तम होता. पण घट्ट कपड्यांचा जोड मिळालेला तेलवाला आम्ही आमच्या तरुणपणी एकही पाहिला नाही.

छऱ्यांचे महत्त्व जगाला कळले ते दुसऱ्या महायुद्धात. जर्मनीचा बेरिंगाचा धंदा श्वाइनफुर्टला एकवटला होता. १७ ऑगस्ट आणि १४ ऑक्टोबर १९४३ ला अमेरिकन विमानांनी त्यावर हल्ले केले. पहिल्या दिवसाच्या मोहिमेत साठ आणि दुसऱ्या हल्ल्यात पुन्हा साठ बाँबफेकी विमाने परत आली नाहीत. एका गावातले छर्रे बंद पाडण्यासाठी इतकी माणसे खर्ची पडली. आणि जर्मनांनी काय केले? साठे वापरले, कारखाने विखुरले, आणि जिथे चालेल तिथे छर्रे काढून साधे घासणारे बेरिंग बसवले. गरज पडली तेव्हा वायसरच्या कुळातला हा जुना भाऊ पुन्हा उपयोगी आला.

आपल्याकडे १९४६ साली जयपूरला बेरिंगाचा कारखाना स्थापन झाला आणि १९५० साली तिथे पहिले बेरिंग तयार झाले. पुढे १९६० च्या दशकात पुण्याजवळ चिंचवडला आणि बडोद्यालाही कारखाने निघाले. सायकलवाल्यांपासून पिठाच्या गिरण्यांपर्यंत छर्रे पोचले. बैलगाडीला रबरी टायर आणि बेरिंग लागून तिची ‘डनलॉप’ झाली. रेल्वेच्या जुन्या वाघिणींच्या कण्यात तेलात भिजवलेला कापसाचा वेस्ट कोंबलेला असे. तो सुकला की कणा तापून लाल होई आणि स्टेशनात गाडी अडके. मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर रुळलेल्या आमच्या ‘शकुंतले’च्या प्रवाशांना थांबणे नवे नव्हते! पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून जे नवे डबे होऊ लागले, त्यांना रोलर बेरिंगे होती. गाडीबरोबर हातोडी आणि तेल घेऊन धावणारी माणसे त्यानंतर हळूहळू कमी झाली.

आता आमची गोष्ट.

१९९० च्या दशकातली ही हकिकत. अकोल्याच्या एका जिनात मालकाने ठरवले की, लाइन शाफ्टचे सर्व बूश काढून छऱ्यांची बेरिंगे बसवायची. तिथे तीन तेलवाले होते. दोघे तरुण, तिसरे पन्नाशीचे. त्यांना सगळे दादा म्हणत. नव्या बेरिंगात ग्रीस भरले की आठवडेच्या आठवडे पाहावे लागत नाही. म्हणजे तिघांचे काम गेले. आम्ही तेव्हा नवे नवे युनियनचे काम करीत होतो, अंगात जोर होता. दादा संध्याकाळी आमच्या खोलीवर आले आणि उंबऱ्याशी बसून म्हणाले, “भाऊ, त्या बेरिंगले तेल नाही लागत म्हंतेत. मंग आमी जावं कुठी?”

या प्रश्नाला आमच्यापाशी एकच उत्तर होते. आम्ही दाराशी सभा घेतली, दोन दिवस काम थांबवले. मालक हंगामाच्या तोंडावर होता. त्याने बेत सोडून दिला. बूश राहिले, तिघे तेलवाले राहिले. त्या रात्री दादांच्या घरी भाकरी आणि वांग्याचे भरीत जेवलो. तो आमच्या आयुष्यातला पहिला विजय होता, आणि आम्हाला त्याचा फार अभिमान होता.

त्यानंतरच्या दुसऱ्या हंगामात, जानेवारीच्या एका रात्रपाळीला, दादांच्या उजव्या हाताची बाही फिरत्या दांड्याच्या बोल्टाला अडकली. बाही सैल होती. बोळाचे दार उघडेच असे, कारण दर तासाला कुलूप कोण काढणार? वर इंजिन बंद करायला किती वेळ लागला ते आम्हाला सांगता येत नाही. तिथे असलेला प्रत्येक जण वेगळे सांगतो. दादा वाचले. तीन बोटे गेली.

जिन हंगामी असल्यामुळे कामगार विम्याची योजना त्याला लागू नव्हती. म्हणून १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याखाली दावा लावला. त्या कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक अवयवाचा दर होता. एका हाताची तीन बोटे म्हणजे कमाईच्या शक्तीत तीस टक्के घट. आम्ही तो तक्ता पुष्कळदा वाचला होता, लोकांना समजावून दिला होता. पण कुप्पी धरणारा, बुशाचा ताप ओळखणारा तोच हात होता. त्या हाताचे उरलेले सत्तर टक्के घेऊन दादांनी काय करावे, ते तक्त्यात नव्हते. पुढच्या हंगामात मालकाने बेरिंगे बसवली. या वेळी कोणी विरोध केला नाही. राहिलेले दोघे तेलवालेही घरी गेले.

मालकाची चूक होतीच; बाही सैल होती आणि दार उघडे होते. पण आमचीही होती, आणि इतक्या वर्षांनी आपल्यासमोर ती सांगितली पाहिजे. ‘आमी जावं कुठी?’ हा दादांचा प्रश्न होता. आम्ही त्याचे उत्तर दिले नाही. आम्ही त्यांना होते तिथेच ठेवले. कुप्पी वाचवली आणि तिला धरणारा हात धोक्यात ठेवला. ज्या दिवशी बेरिंगे येणार असे कळले, त्या दिवशी आम्ही असे म्हणायला हवे होते की, बेरिंगे अवश्य बसवा. पण ज्याचा कान या दांड्याचा आवाज ओळखतो त्याला फिटरचे काम शिकवा, यंत्र थांबवून ग्रीस भरण्याचे काम त्याला द्या, आणि त्याचा रोज कमी करू नका. अमरावतीकडच्या एका जिनात काही वर्षांनी हाच प्रश्न आला, तेव्हा आम्ही हीच मागणी केली. तिथले दोन तेलवाले फिटरचे मदतनीस झाले. त्यांतला एक पुढे चांगला फिटर झाला. बेरिंग ‘गेले’ हे तो अजूनही लाकडी दांडी कानाला लावून सांगतो. फेब्रुवारी २००० मध्ये सरकारने कापसासाठी तंत्रज्ञान मोहीम सुरू केली आणि तिच्यातून जिनांचे आधुनिकीकरण झाले. पुष्कळ ठिकाणी प्रत्येक रेच्याला स्वतंत्र मोटर आली आणि लांब दांडाच नाहीसा झाला. आता तेलवाला हा शब्द आमच्या तरुण सभासदांना समजावून सांगावा लागतो.

तर आता पुन्हा टेबलावरच्या दोन चाकूंकडे येऊ, कारण पुतण्याच्या प्रश्नाचे उत्तर राहिले आहे.

छर्रे चांगले केव्हा? दांडा एकाच दिशेने सतत फिरत असेल तेव्हा. मग प्रत्येक छरा आपल्या वाटेवरून पुनःपुन्हा जातो, ग्रीस सगळीकडे पसरते आणि झीज सारखी होते. लाइन शाफ्ट असा फिरतो, सायकलीचे चाक असे फिरते. चाकूचे पाते मात्र फिरत नाही. ते अर्धा फेरा जाते आणि परत येते. त्यात छर्रे पुनःपुन्हा त्याच जागांवर दाब देतात. छऱ्याचा स्पर्श एका बिंदूइतका असतो, म्हणून तेवढ्या जागेवर भार फार पडतो. खालची पट्टी मऊ असेल तर तिला खळगे पडतात. स्वीडनच्या ब्रिनेल याने १९०० साली धातूचा कठीणपणा मोजण्याची रीत काढली, ती पोलादी गोळी दाबून पडणाऱ्या खळग्यावरूनच. १९३० च्या दशकात अमेरिकेत आगगाडीने लांब पाठवलेल्या नव्या मोटारींच्या चाकांतील बेरिंगे, चाके फिरलेली नसताना, नुसत्या हादऱ्यांनी खळगे पडून खराब झालेली आढळत. तेव्हा छऱ्यांच्या चाकूत कठीण पोलादाच्या कड्या घालाव्या लागतात, आणि त्यात धूळ शिरली तर ती छऱ्यांखाली खरखरते.

वायसरचे उलट आहे. त्याचा स्पर्श सगळ्या चकतीभर असतो. म्हणून पाते डावी-उजवीकडे लचकत नाही. चाकूचे पाते इतके सावकाश हलते की टॉवरने पाहिलेला तेलाचा थर तिथे तयारच होत नाही, घर्षण राहते. म्हणून वायसरचा चाकू सुरुवातीला जड वाटतो. पण वापरता वापरता पितळ किंवा कांसे घासून गुळगुळीत होते आणि सांध्याला ‘हात बसतो’. संत्र्याचा रस, माती, चीक काही शिरले तरी धुऊन एक थेंब तेल घातले की झाले. फ्रान्समध्ये १८९० साली ओपिनेल हा शेतकऱ्यांचा चाकू निघाला, त्याचा सांधा तर फारच साधा होता, आणि तो अजून विकला जातो. अमेरिकेत क्रिस रीव्ह यांनी १९९० च्या सुमारास काढलेल्या प्रसिद्ध चाकूत फॉस्फर ब्राँझचे अचूक घासलेले वायसर होते. छऱ्यांची चाकूतली रचना त्यानंतरची. इकोमा आणि कोर्थ यांच्या नावाची रचना या शतकाच्या पहिल्या दशकात गाजली. तिचे सुख खरे आहे: एका बोटाने पाते उघडते. ज्याचा दुसरा हात कामात गुंतलेला आहे, किंवा ज्याला दुसरा हातच धड नाही, त्याला ते सुख लहान नव्हे.

हे आम्हाला कसे कळले तेही सांगतो. गेल्या दिवाळीत आम्ही दोन्ही चाकू घेऊन दादांकडे गेलो होतो. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी शेंदुरजनाघाटचा चाकू हातात घेतला, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि एका बोटाने उघडण्याचा प्रयत्न केला, उघडला नाही. मग पुण्याचा घेतला. तो उघडला. त्यांनी तो दोन-तीनदा उघडला, मिटला, आणि कानाजवळ नेऊन पुन्हा उघडला. म्हणाले, “आवाज चांगला हाय. पन याच्यात कचरा जाईन, पाहा.” एका वाक्यात त्यांनी दोन्ही बाजू सांगितल्या. आम्ही पुण्याचा चाकू त्यांच्याकडेच ठेवायला म्हटले. ते नको म्हणाले. शेवटी त्यांच्या नातीने तो फळे कापायला ठेवून घेतला. म्हणून आज टेबलावर आहे तो पुतण्याने आणून दिलेला त्याचा जोडीदार आहे.

तेव्हा पुतण्याला आमचे उत्तर असे: कलम बांधायचे असेल, मातीत आणि रसात काम असेल, चाकू स्वतः उघडून धुण्याची सवय असेल, तर वायसर. एका हाताने उघडायचा असेल, जागा कोरडी आणि स्वच्छ असेल, तर छर्रे. पण हे उत्तर चाकूपुरते आहे, कारण चाकूचा मालक, वापरणारा आणि तेल घालणारा एकच माणूस असतो. कारखान्यात हे तिघे वेगळे असतात. तिथे नवे यंत्र दारात आले की, ते किती वेगाने फिरते एवढेच विचारून भागत नाही. जुन्या यंत्राला तेल कोण घालीत होता, आणि उद्यापासून तो कुठे जाणार, हे त्याच दिवशी, यंत्र बसण्याच्या आधी विचारावे लागते. आम्ही एकदा ते विचारायला विसरलो होतो. आपल्यापैकी जे कोणी उद्या दुकानात, कचेरीत किंवा कारखान्यात नवे यंत्र आणतील, त्यांनी ते विसरू नये, एवढीच या व्यासपीठावरून आमची विनंती आहे.